समोरच्याला जे परवडत नाही ते करा

नाशिकमध्ये हल्ली स्टार्टअपवाल्यांचं कुठलंही गेट-टुगेदर असो, एखाद्या कॉलेजचं इनक्युबेशन सेंटर असो नाहीतर गंगापूर रोडवरच्या कॅफेत जमलेली चार मंडळी असोत, फिरून फिरून बोलणं एकाच प्रश्नावर येतं, की बाबा एवढ्या गर्दीत आपली कंपनी वेगळी दिसणार कशी? आणि प्रश्न निघाला रे निघाला की दोन पार्ट्या पडतात. एक पार्टी म्हणते ब्रँडिंगवर खर्च करा, चांगला लोगो करून घ्या, लिंक्डइनवर रोज लिहा, इन्स्टावर रील टाका, नावात एआय घाला, जमलं तर ऑफिस पुण्यात बाणेरला दाखवा कारण नाशिकचा पत्ता बघून क्लायंट बिचकतो. दुसऱ्या पार्टीत इंजिनियर मंडळी जास्त, त्यांना हे सगळं थिल्लर वाटतं, त्यांचं म्हणणं प्रॉडक्ट खणखणीत बनवा, गिऱ्हाईक शोधत येईल. तासतासभर हे चालतं. मला या वादाचा खरंच त्रास होतो, कारण चांगली हुशार पोरं याच्या नादात ऐन उमेदीची वर्षं आणि घरच्यांचे पैसे घालवतात, आणि दोन्ही पार्ट्या एकाच ठिकाणी चुकतात. दोघंही फक्त स्वतःकडे बघतायत. आपण कसे दिसतो, आपण काय बनवतो. पण समोरचा जो आधीपासून बाजारात बसलाय तो नेमका कशावर कमावतो, हे विचारतंय कोण?

माझं म्हणणं एवढंच आहे की जी गोष्ट करणं प्रतिस्पर्ध्याला परवडत नाही ती तुम्ही करायला घेतली, तरच तुम्ही वेगळे. तो ती करू शकत नाही असं नाही, त्याच्याकडे तुमच्यापेक्षा दहापट माणसं आहेत, पैसा आहे, त्याने मनात आणलं तर पुढच्या महिन्यात करेल. पण केली तर त्याचीच चालू कमाई बुडते, किंवा त्याच्या हिशोबात ते काम इतकं छोटं आणि कटकटीचं आहे की त्याला हात लावायची इच्छा होत नाही. या दोनपैकी एक तरी असेल तर तुम्हाला उभं राहायला चार-पाच वर्षं मिळतात. फीचर, रंग, लोगो, स्लोगन, यातलं काहीही असेल तर चार-पाच महिनेसुद्धा मिळत नाहीत.

जुनी उदाहरणं घेऊ. झिरोधा २०१० मध्ये सुरू झाली. तेव्हा शेअर ब्रोकर म्हणजे सौद्याच्या रकमेवर टक्केवारीने दलाली, आणि त्या दलालीतला वाटा गावोगावच्या सब-ब्रोकरला. झिरोधाने सांगितलं, सौदा कितीचाही असो, एका ऑर्डरला वीस रुपये. यात तंत्रज्ञान कुठे आलं? वीस रुपये लावायला कुठला अल्गोरिदम लागतो? पण मोठ्या ब्रोकरना ते करता येईना, कारण वीस रुपये घेतले तर शाखा चालवायच्या कशा आणि सब-ब्रोकरला द्यायचं काय? गुगलचं बघा. १९९८ मध्ये गुगल आली तेव्हा याहू, एक्साइट, अल्टाविस्टा आधीच होत्या, म्हणजे ती पहिली वगैरे अजिबात नव्हती. तिचे रिझल्ट चांगले होते हे खरंच, पण तिचं मोकळं पांढरं पान बाकीच्यांना का उचलता आलं नाही? कारण पोर्टलवाल्यांची कमाई माणूस पानावर जितका वेळ रेंगाळेल तितकी, बातम्या बघ, हवामान बघ, राशिभविष्य बघ, जाहिराती बघ. गुगल माणसाला दोन सेकंदात दुसरीकडे पाठवून देत होती. शेवटी २००० मध्ये याहूनेच स्वतःचा सर्च गुगलकडून चालवून घेतला, इतकं त्यांना ते काम दुय्यम वाटत होतं.

आणि व्हॉट्सअ‍ॅप तर आपण सगळ्यांनी अनुभवलंय. दिवाळीला आणि थर्टी फर्स्टला एसएमएस पॅक चालायचा नाही, ब्लॅकआउट डे म्हणायचे त्याला, वर्षभर पॅकचे पैसे भरायचे आणि ज्या दिवशी मेसेज पाठवायचा त्याच दिवशी फुल रेट कापला जायचा. मोबाइल कंपन्यांकडे नेटवर्क त्यांचं, सिम त्यांचं, गिऱ्हाईक त्यांचं, अगदी बिलसुद्धा त्यांचंच. इंटरनेटवरून फुकट मेसेज पाठवायची सोय त्यांना करता आली नसती का? आरामात आली असती. पण एसएमएसची कमाई स्वतःच्या हाताने कोण मारणार? व्हॉट्सअ‍ॅपने ते केलं आणि नोकियाच्या साध्या स्वस्त फोनवरही चालेल असं केलं, म्हणून ते आपल्या मावशी-आत्यांपर्यंत पोचलं.

याच्या उलट हाइक. २०१२ मध्ये आलं, मागे मोठं भांडवल, भारतीय मेसेंजर म्हणून गाजावाजा, स्टिकर काय, लपवलेल्या चॅट काय, वॉलेट काय, फीचरमध्ये कुठेही कमी नव्हतं. जानेवारी २०२१ मध्ये ते बंद झालं. कू हे 'देशी ट्विटर' २०२० मध्ये आलं आणि २०२४ मध्ये गेलं. दोघांच्याही मेहनतीला मी नावं ठेवत नाही, पण 'त्यांच्यासारखंच, फक्त आपलं' ही ओळख तुम्हाला कायम दुसऱ्याच्या सावलीत ठेवते. नाशिकमध्ये हे मी सारखं ऐकतो, आमचं म्हणजे नाशिकचं झोमॅटो, नाशिकचं अर्बन कंपनी, नाशिकचं अमुक. अरे पण मूळ कंपनी नाशकात आहेच की, कॉलेज रोडवर मिनिटाला दोन लाल टी-शर्ट जातायत, मग गिऱ्हाईकाने तुमचं अ‍ॅप का ठेवावं? दुसरं टोक म्हणजे कॅनडा कॉर्नरपासून इंदिरानगरपर्यंत लागलेले बोर्ड, वेबसाइट, अ‍ॅप, ईआरपी, डिजिटल मार्केटिंग, एआय सोल्युशन्स, सीसीटीव्ही, सगळं एका छताखाली. एक ना धड भाराभर चिंध्या. असा बोर्ड वाचून कोणाच्या डोक्यात तुमची आठवण राहणार? एखाद्या कारखानदाराला त्याच्या मित्राने विचारलं की ती कंपनी करते काय, तर त्याला एका वाक्यात सांगता आलं पाहिजे, आणि त्या वाक्यात इतर कोणाचंही नाव घालता येऊ नये.

आता ब्रँडिंगवाल्यांची बाजू. ती पूर्ण खोटी आहे असं मी म्हणणार नाही. बोलणाऱ्याचा कोंडा विकला जातो आणि न बोलणाऱ्याचे गहू पडून राहतात, हे आपल्या आजीने सांगितलेलं आजही खरं आहे, आणि नाशिकच्या माणसाचा स्वभाव बोलण्यात कमीच. कितीतरी चांगल्या कंपन्यांची वेबसाइट उघडली की आत काय करतात ते कळतच नाही, फोन नंबर जुना, फोटो कुठल्यातरी परदेशी ऑफिसातल्या हसऱ्या लोकांचे. मोठ्या कंपनीच्या परचेस डिपार्टमेंटला अनोळखी नावाची भीती वाटते, तिथल्या माणसाला स्वतःची नोकरी सांभाळायची असते, ओळखीचं नाव घेतलं आणि काम बिघडलं तर त्याला कोणी बोलत नाही, अनोळखी घेतलं आणि बिघडलं तर त्याची चौकशी होते. हे सगळं मान्य. पण ब्रँडिंग म्हणजे असलेली गोष्ट मोठ्याने सांगणं. नसलेली गोष्ट मोठ्याने सांगितली तर काय होतं? पहिली ऑर्डर येते, दुसरी येत नाही. झिरोधाने जाहिरातींवर पैसा न घालवताही लोक एकमेकांना सांगत राहिले, कारण सांगण्यासारखं वाक्य होतं, 'फक्त वीस रुपये घेतात'. तुमच्याकडे असं वाक्य नसेल तर डिझायनरला पैसे देऊन ते येणार कुठून? आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

इंजिनियर पार्टीच्या म्हणण्यातही दम आहे. खराब माल कुठल्याही युक्तीने फार दिवस विकता येत नाही, हे कबूल. पण 'चांगलं' हे कोणाच्या नजरेतून? अकाउंटिंग सॉफ्टवेअरचं उदाहरण घ्या. टॅली १९८६ पासून आहे. तिच्यापेक्षा दिसायला सुंदर, मोबाइलवर चालणारी, वापरायला सोपी सॉफ्टवेअर्स कितीतरी आली. तरी नाशिकमधला दुकानदार, ट्रान्सपोर्टवाला, अंबडचा छोटा कारखानदार टॅलीवरच का? कारण महिनाअखेरीला सीए ऑफिसमधून फोन येतो, टॅलीचा डेटा पाठवा. त्या ऑफिसमधल्या आर्टिकलच्या, म्हणजे सीए व्हायला उमेदवारी करणाऱ्या पोरांची बोटं टॅलीच्या शॉर्टकटवर बसलेली आहेत, कारखान्यातला अकाउंटंट टॅली येते म्हणूनच नोकरीला लागलेला आहे. म्हणजे खरी लढत स्क्रीनची नाहीच आहे, ती सवयीशी आणि त्या सवयीवर ज्यांचं पोट चालतं त्यांच्याशी आहे. जो इंजिनियर हे न बघता आणखी सहा महिने बटणं गोल करत बसतो, त्याची मेहनत वाया जाताना बघून वाईट वाटतं.

तिसरी एक पार्टी असते, ती फार बोलत नाही पण धंद्यात तीच सगळ्यात मोठी. स्वस्तात करा. पुण्याचा रेट अमुक तर आपण निम्म्यात देऊ. आता कोणी म्हणेल झिरोधाने तरी दुसरं काय केलं? फरक असा की झिरोधाचा धंदाच असा बांधलेला होता की वीस रुपयांत नफा उरेल, शाखांचं मोठं जाळं नाही, धंदा सब-ब्रोकरवर उभा नाही. आपले लोक खर्च तोच ठेवतात आणि रेट कमी करतात, म्हणजे शेवटी स्वतःचा पगार आणि ज्युनिअर पोरांची झोप कापतात. आणि या रस्त्याने गेलं की काय होतं हे नाशिकला दुसऱ्या कोणी शिकवायची गरज आहे का? सातपूर आणि अंबडच्या जॉबवर्क करणाऱ्या युनिट्सकडे बघा. मोठमोठ्या कंपन्या इथे आल्या, त्यांच्या भोवती शेकडो व्हेंडर उभे राहिले, त्यांच्या कामाची अचूकता कोणी नाकारू शकत नाही, मायक्रॉनमध्ये काम करणारी माणसं आहेत ही. पण ड्रॉइंग गिऱ्हाईकाचं, मटेरियल गिऱ्हाईकाचं, विकायचा माल शेवटी मशीनचे तास. मग दरवर्षी परचेसवाला बोलावणार आणि म्हणणार यंदा रेट कमी करा, शेजारच्या गाळ्यातला कमी करायला तयार आहे. आणि शेजारच्या गाळ्यातल्यालाही नेमकं हेच सांगितलेलं असतं. बाप सीएनसी मशीनचे तास विकून थकला आणि मुलगा आता लॅपटॉपचे तास विकतोय, गिऱ्हाईक पुण्याऐवजी टेक्सासचं, एवढाच फरक. याला मी टेक्नॉलॉजी कंपनी म्हणायला तयार नाही.

मग नाशिकमध्ये समोरच्याला न परवडणारं असं काय आहे? माझ्या डोळ्यासमोरचं एक सांगतो, द्राक्षाचं. दिंडोरी, निफाडच्या बागायतदाराकडे आज सल्ल्याचे अ‍ॅप कमी नाहीत. प्रत्येकाचं म्हणणं आमचं एआय डावणी आणि भुरी हे द्राक्षाचे रोग आधी ओळखतं, हवामान सांगतं, पानाचा फोटो काढा आणि रोग ओळखा. ऑक्टोबर छाटणीनंतर त्या माणसाची अवस्था बघा. आभाळ आलंय, पोंग्यातली, म्हणजे नुकती कोवळी फूट निघालेली बाग आहे, फोनवर एका अ‍ॅपचं नोटिफिकेशन आहे फवारा, कन्सल्टंटचा मेसेज आहे थांबा, कृषी सेवा केंद्रवाला म्हणतो हे नवीन औषध आलंय घेऊन जा, गावातल्या ग्रुपवर कोणीतरी टाकलंय आम्ही तर मारलं. ट्रॅक्टरला फवारणीचा ब्लोअर जोडून तो बांधावर उभा आहे आणि औषधाच्या दुकानातून फुकट मिळालेल्या डायरीत, मागच्या कुठल्या तारखेला काय मारलं ते शोधतोय, पानाला निळ्या औषधाचा डाग पडलाय, अर्धं अक्षर पुसलंय. या माणसाला आणखी एक सल्ला हवाय का? त्याच्याकडे सल्ले उदंड झालेत. त्याला पाहिजे त्या सल्ल्याच्या मागे उभं राहणारं कोणीतरी. माल युरोपला जायचा तर औषधाचे अंश ठरलेल्या मर्यादेच्या आत लागतात, काढणीच्या आधी किती दिवस कुठलं औषध बंद हे पाळावं लागतं. २०१० साली वेलीची वाढ रोखणाऱ्या क्लोरमेक्वॅट क्लोराइडचे अंश सापडले, आपल्याकडे शेतकरी त्याला लिहोसिन म्हणून ओळखतो, आणि युरोपात आपल्या द्राक्षांचे कंटेनर अडकले. अख्खा हंगाम गेला अनेकांचा. ते विसरलेला बागायतदार तुम्हाला या भागात भेटणार नाही.

आता यात प्रतिस्पर्ध्याची कमाई बघा. औषधाचं दुकान चालतं औषध विकून. बरीचशी शेती अ‍ॅप्स सल्ला फुकट देतात आणि कमाई करतात खतं-औषधं विकून, नाहीतर औषध कंपन्यांकडून. म्हणजे 'ही फवारणी करू नका' हे वाक्य त्या सगळ्यांना तोट्याचं आहे. म्हणायला कोणी अडवलेलं नाही, पण म्हणतील तितकं उत्पन्न कमी. मग एखाद्या नव्या कंपनीने ठरवलं की आम्ही एकही औषध विकणार नाही, औषधवाल्यांची जाहिरात घेणार नाही, आम्ही एकराप्रमाणे फी घेऊ आणि आमच्या वेळापत्रकाप्रमाणे फवारणी करून रेसिड्यूचा, म्हणजे औषधाच्या अंशांचा रिपोर्ट फेल गेला तर ती फी परत करू. बस. यात सेन्सर तेच, हवामानाचा डेटा तोच, मॉडेल पण जवळपास तेच असेल. पण एवढ्या एका निर्णयाने ती कंपनी बाकीच्या सगळ्यांपासून वेगळी झाली, आणि बाकीच्यांना तिची नक्कल करायची तर आपलंच दुकान बंद करावं लागेल. बागायतदार दुसऱ्या बागायतदाराला काय सांगेल? 'ते औषध विकत नाहीत, आणि रिपोर्ट फेल गेला तर पैसे परत देतात.' लोगो कसला आहे हे त्याला विचारायचंही सुचणार नाही.

यावर सगळ्यात मजबूत आक्षेप असा की मार्केट छोटं आहे. नाशिकच्या द्राक्षावर कंपनी चालवून किती मोठी होणार, गुंतवणूकदार विचारणार देशभरात किती, जगात किती. हा आक्षेप हलक्यात घेऊ नये. काही धंदे खरंच कायम छोटेच राहतात आणि त्यात बाहेरचं भांडवल घेणं चूक. पण सुरुवातीचं मार्केट छोटं असणं हा तोटा आहे की आडोसा? इथे मला आपले दादासाहेब फाळके आठवतात. त्र्यंबकेश्वरला १८७० मध्ये जन्मलेला हा माणूस, १९१३ मध्ये त्यांचा राजा हरिश्चंद्र पडद्यावर आला आणि त्याच वर्षी त्यांनी मुंबईतून बाडबिस्तरा उचलून नाशकात स्टुडिओ थाटला. त्यांचे प्रतिस्पर्धी कोण? परदेशी कंपन्या, ज्यांचे कॅमेरे चांगले, फिल्म चांगली, अनुभव कितीतरी जास्त. तंत्रात फाळके त्यांच्या पुढे जाऊच शकत नव्हते, कॅमेराच मुळी त्यांनी लंडनहून आणलेला. पण हरिश्चंद्राची गोष्ट काढायला पॅरिसमधली कंपनी कशाला येईल? तिच्या हिशोबात एकट्या हिंदुस्थानातल्या प्रेक्षकासाठी, त्याच्या देवादिकांवर चित्रपट काढणं परवडणारं नव्हतं. जे त्यांना छोटं वाटलं त्यावर इथे एक धंदा उभा राहिला, आणि १९१८ मध्ये हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनी निघाली ती याच नाशकात. फेसबुकही २००४ मध्ये एका हार्वर्डपुरतंच होतं, तेव्हा एका कॉलेजच्या पोरांचं मार्केट केवढं म्हणून कोणी विचारलं असतं तर उत्तर काय होतं?

पण फाळक्यांची पुढची गोष्टही सांगायला हवी, नाहीतर मी अर्धवट सांगितल्यासारखं होईल. पौराणिक चित्रपट इतरही काढू लागले, १९३१ मध्ये बोलपट आले, आणि फाळके मागे पडले. शेवटचा चित्रपट १९३७ चा, आणि १९४४ मध्ये नाशकातच ते गेले तेव्हा ती धामधूम कधीच संपलेली होती. वेगळेपण झिजतं, हे विरोधकांचं म्हणणं शंभर टक्के बरोबर आहे. फ्लिपकार्टने २०१० मध्ये कॅश ऑन डिलिव्हरी आणली, माल घरी येऊ दे मग पैसे द्या, इंटरनेटवर पैसे भरायला घाबरणाऱ्या देशात केवढी मोठी गोष्ट होती ती, परत आलेल्या मालाचा सगळा भुर्दंड कंपनीने अंगावर घेतला. २०१३ मध्ये अ‍ॅमेझॉन भारतात आली आणि तिनेही तेच सुरू केलं. यूपीआय तर सगळ्यांना सारखंच, पण पेटीएमने २०१९ मध्ये साउंडबॉक्स, म्हणजे पैसे जमा झाले की बोलून सांगणारा डबा आणला, भाजीवाल्याला हातातलं काम सोडून फोन बघावा लागू नये, खोटा स्क्रीनशॉट दाखवून कोणी फसवू नये म्हणून. आज पंचवटीत भाजी घ्यायला गेलात तर चार कंपन्यांचे चार डबे बोलताना ऐकू येतील. मग काय, सगळं फुकट गेलं का? नाही गेलं, कारण मधल्या काळात दुकानदाराशी संबंध तयार झाला, डबा बंद पडला तर कोणाला फोन करायचा हे त्याला माहीत झालं, महिन्याचं भाडं सुरू झालं. पहिलं वेगळेपण तुम्हाला वेळ मिळवून देतं, आणि त्या वेळात दुसरं शोधायचं असतं. फाळक्यांवर आवाजाची लाट आली तशी प्रत्येकावर कुठलीतरी येणार. म्हणून पहिल्यांदा वेगळं होऊच नये, हा कुठला न्याय?

आणि आत्ताची लाट एआयची आहेच. हल्ली ऐकू येतं की आता कोड कोणीही शनिवार-रविवारात बनवतो, म्हणून प्रॉडक्टमधलं वेगळेपण संपलं, आता ज्याच्याकडे जास्त फॉलोअर तो जिंकला. पहिला भाग मला पटतो. कोड स्वस्त झालाय, आणि 'आमच्याकडे एआय आहे' हे सांगणं म्हणजे 'आमच्याकडे वीज आहे' सांगण्याइतकंच उरलंय. पण त्यातून दुसरा भाग कसा निघतो? कोड स्वस्त झाला म्हणजे कोडभोवतीच्या गोष्टी महाग झाल्या. चुकल्यावर जबाबदार कोण, रात्री अडीचला तिसऱ्या पाळीत मशीन बंद पडलं तर फोन उचलणार कोण, शेतकऱ्याचा डेटा औषध कंपनीला विकणार नाही हे लिहून कोण देणार? मोठी कंपनी या जबाबदाऱ्या टाळते कारण लाखो गिऱ्हाइकांना तशी हमी द्यायला तिला परवडत नाही. तुमचे गिऱ्हाईक चाळीस असतील तर तुम्हाला परवडतं. छोटं असण्याचा हा फायदा आहे आणि आपली पोरं तोच लपवत बसतात, वेबसाइटवर पाच जणांची कंपनी पन्नास जणांची असल्यासारखी दाखवतात.

नाशिकात हे जमलंय, नाही असं नाही. ईएसडीएस ही क्लाउड सेवा देणारी कंपनी २००५ पासून आहे, सातपूरच्या एमआयडीसीत डेटा सेंटर. डेटा सेंटर म्हटलं की मुंबई नाहीतर चेन्नई डोळ्यासमोर येते, आणि जगातल्या बलाढ्य क्लाउड कंपन्यांशी मशीनच्या संख्येवर तर स्पर्धा शक्यच नव्हती. पण ईएसडीएसच्या गिऱ्हाइकांत सहकारी बँका आहेत. एखाद्या तालुक्याच्या सहकारी बँकेला स्वतःचं डेटा सेंटर उभं करणं झेपत नाही, नियम तर सगळे पाळायचे असतात, आणि परदेशी कंपनीच्या चॅट सपोर्टशी भांडायला तिच्याकडे माणूस नाही. बलाढ्य कंपनीच्या लेखी असं गिऱ्हाईक किरकोळ, आणि कोणाच्या तरी लेखी तेच मुख्य.

खरेदी करणाऱ्या नाशिककरांनाही इथे दोन शब्द ऐकवले पाहिजेत. नव्या कंपनीने जबाबदारी घ्यायची, हमी द्यायची, फी परत करायची, हे सगळं मी म्हणतोय, पण तिचं बिल नव्वद-नव्वद दिवस अडकवून ठेवणाऱ्या कारखान्याने तिच्याकडून हमीची अपेक्षा कोणत्या तोंडाने करायची? सूक्ष्म आणि लघु उद्योगाचं बिल लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत, नसेल तर १५ दिवसांत द्यायचं, नाहीतर प्रत्यक्ष पैसे देईपर्यंत तो खर्च आयकरात वजा होणार नाही, हे २०२४-२५ या आकारणी वर्षापासून (आयकर कायद्याच्या तेव्हाच्या कलम ४३बी(एच) मुळे) लागू झालं. नोंदणी असलेल्या सॉफ्टवेअर सेवा कंपन्याही त्यात येतात. तरीही स्वतःच्या व्हेंडर कंपनीच्या थकलेल्या बिलाबद्दल रडणारे मालकच सॉफ्टवेअरवाल्या पोराला 'पुढच्या महिन्यात बघू' म्हणतात.

आणि आता २०२७ चा सिंहस्थ. सध्या जो तो कुंभाचं अ‍ॅप बनवतोय, आणि दहातल्या नऊ अ‍ॅपमध्ये तेच, घाटाचा नकाशा, पार्किंग, हॉटेल, हरवले-सापडले. २०१५ च्या सिंहस्थाच्या वेळी कुंभथॉन नावाचा, कुंभातले प्रश्न तंत्रज्ञानाने सोडवायचा उपक्रम झाला होता, मूळचे नाशिकचे आणि एमआयटी मीडिया लॅबमधले रमेश रासकर त्यामागे होते. त्यातून पावलं मोजणारी एक चटई निघाली, २०१५ च्या कुंभात वापरूनही पाहिली. माणसाकडे फोन असायला नको, लोकेशन चालू असायला नको, रेंज नको, तो चटईवरून चालत गेला की मोजला गेला. कॅमेरा आणि अ‍ॅप विकणाऱ्याला हे सुचत नाही कारण त्याला कॅमेरा आणि अ‍ॅप विकायचंय. २००३ च्या पर्वणीला, म्हणजे कुंभातल्या मुख्य स्नानाच्या दिवशी, पंचवटीत चेंगराचेंगरी होऊन ३९ भाविक गेले त्या शहरात गर्दी मोजणं हा प्रेझेंटेशनचा विषय होऊ शकत नाही. म्हणून महापालिकेने आणि कुंभमेळा प्राधिकरणाने निविदेत टर्नओव्हर आणि अनुभवाच्या अटींबरोबर एवढंच लेखी विचारावं, की पर्वणीच्या दिवशी तुमचा निर्णय घेणारा माणूस घाटावर हजर असेल का, रेंज गेल्यावर तुमची सिस्टिम किती वेळ चालेल, आणि त्या दिवशी ती बंद पडली तर बिलातून किती रक्कम कापायची ते तुम्हीच भरा. तो रकाना कोरा ठेवून किती कंपन्या परत जातात ते बघावं, आणि ज्या दोन-तीन नाशिकच्या पोरांच्या कंपन्या त्यात आकडा लिहितील त्यांना आत्तापासून रामकुंडावर काम करायला जागा द्यावी.